विस्तव न लागणारे पाय

सदर इसम नामे पुनमचंद फुलसिंग आडे, वय अंदाजे चोपन्न, धंदा शेती व मोसमात हळद शिजविणे, राहणार सिद्धेश्वर धरणाजवळील तांडा, तालुका औंढा, जिल्हा हिंगोली (सन १९९९ पूर्वी जिल्हा परभणी, इसम जागचा हललेला नाही). बांधा मध्यम. वर्ण सावळा, हळदीच्या दिवसांत घोट्याखाली पिवळा. व्यसन चहा. जावयासमोर आवाज चढविल्याची नोंद नाही.

धरणाच्या पाण्यावर त्या शिवारात हळद आली आणि पुनमचंदला कढई सापडली. ओली हळद काढली की मोठ्या लोखंडी कढईत शिजवायची आणि वाफ निघत असतानाच खळ्यावर पसरायची. पसरायला बाकीचे फावडं घेत, पुनमचंद पायानं पसरायचा. अनवाणी, ढिगातून रेघा ओढत. सुरुवातीच्या वर्षांत त्यालाही चटके बसत आणि तो उड्या मारी. पुढं चटके बसेनासे झाले. तांड्यानं याला कसब मानलं.

"काका, पायाला कातडं हाय का टायर?" ज्याची हळद शिजायची तो मुंजाजी दरसाल विचारायचा.

"सवय हाय, मालक."

औंढ्याच्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं. त्यांनी पुनमचंदच्या रक्तात साखर शोधून काढलेली होती आणि रोजच्या गोळ्या लावून दिल्या होत्या. तळपायाला सुई टोचून ते म्हणाले, "पुनमचंद, चटका लागत नाही म्हणजे पाय बधिर झालाय. ही काही शाबासकी नाही. चप्पल घालत जा."

"हळदीत चप्पल? लक्ष्मी हाय सायेब ती."

लक्ष्मीवर पाय चालतो, चप्पल चालत नाही. हा भेद वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात नाही, त्यामुळे डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. गोळ्या मात्र पुनमचंद इमानानं खात होता आणि साखर आटोक्यात होती.

मग २००६च्या संक्रांतीनंतर सेनगावचा जावई बायकोला घेऊन आला. सुदाम. मोटारसायकलीच्या मागणीवरून त्यानं आदल्या वर्षी तिला, म्हणजे पुनमचंदच्या एकुलत्या एक लेकीला निताला, सबंध पावसाळा तांड्यावर आणून टाकलं होतं. आता तो एका कंपनीचं काम करू लागला होता. हाताखाली माणसं जोडायची आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल खपवायच्या, असं ते काम. अर्काचं नाव कर्क्युमिन. सुदामला ते अस्खलित म्हणता येत असे.

"मामा, हे घ्या. साखर मुळातून जाती."

"पाव्हणं, जन्म हळदीत चाललाय माझा. अंगात मुरलीय."

"ती बाहेरून मुरली. हे आतून. अन् त्या दवाखान्याच्या गोळ्या बंद करा आधी. दोन्ही खाल्ल्या तर गुण कशाचा आला म्हणून सांगू लोकांना?"

"डॉक्टरला एकडाव इचारावं म्हणते मी," सासू रुख्मिणीबाई दारातून म्हणाली.

सुदामनं तिच्याकडं पाहिलंच नाही. तो चुलीकडं बघून बोलला. "निता, तुझ्या घरच्यांचा माझ्यावर भरोसा न्हाई दिसत. मग तू ऱ्हा इथंच. बाहेरच्यांनी तरी माझा माल काहून घ्यावा?"

भाकरी थापणारा निताचा हात थांबला.

"अरे, न्हाई कोण म्हणून राहिलं?" पुनमचंदनं पाण्याचा तांब्या ओढला आणि कॅप्सूल गिळली. "जावई सांगतो म्हणल्यावर खावं लागतं."

भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली. दवाखान्याच्या गोळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या.

हळदीतल्या त्या अर्कानं साखरेवर थोडाफार परिणाम होत असावा, असं अभ्यास करणारे म्हणतात. औषध सोडून तो खावा, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पण सुदाम दर आठवड्याला डबी बघायला येत होता, आणि अभ्यास करणाऱ्यांपैकी कुणीही तांड्यावर आलं नाही.

चैत्रात मुंजाजीची हळद शिजत असताना कढईखालचा निखारा पुनमचंदच्या पायाखाली आला. त्याला कळलं नाही. ते इतरांनी पाहिलं आणि कौतुकानं एकमेकांना सांगितलं. रुख्मिणीबाईनं जखमेवर घरची हळद दाबली, जी कुणीही दाबली असती. त्या दिवसांत खळ्यावरचा प्रत्येक पाय पिवळा असतो, त्यात एक पाय जास्त पिवळा होता इतकंच. आत काय चाललंय ते दिसायला जागाच नव्हती. दुखत तर नव्हतंच.

पहिल्यांदा वास आला तो रुख्मिणीबाईला.

"पाय धुवा बरं तेवढा."

"हंगाम सरू दे."

तिनं बळंच घासून धुतला. हळद निघाली, आणि खाली पाय काळा होता.

नांदेडला गुडघ्याखालून कापला, पण विष वर चढलेलं होतं. तिथं इन्सुलिनच्या सुयांवर त्याची साखर मात्र लवकर ताळ्यावर आली. निता उशाशी बसून होती. दारात सुदाम उभा होता.

"बापू, खरं सांगा. दवाखान्याच्या गोळ्या सोडल्या व्हत्या तुमी?"

पुनमचंदनं दाराकडं पाहिलं. "न्हाई बाई. दोन्ही खात व्हतो."

"याडी?" निता आईकडं वळली.

रुख्मिणीबाई चादरीची सुरकुती काढत राहिली. नवरा तिच्याकडंच बघत होता. "व्हय," ती म्हणाली, "दोन्ही."

सुदाम चहा आणायला खाली गेला.

तिसऱ्या दिवशी पुनमचंद गेला. मृत्यूचे कारण, मधुमेह व तज्जन्य जंतुसंसर्ग. इसमाने उपचारात कसूर केल्याचे नातेवाइकांच्या सांगण्यावरून आढळून येत नाही.

निता सेनगावला नांदते आहे.