जाळीच्या खोलीतला उजेड

लेकीचा फोन आला, "आई, घरामागं पूल बांधतोय आम्ही."

मी म्हटलं, "अगं, होटगी रोडला तुमच्या घरामागं नदी कुठाय? पूल बांधून जाणार कुठं?"

ती इतकी हसली की फोन जावयांकडं द्यावा लागला. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, पूल म्हणजे पोहायचा हौद. मी अजूनही हौदच म्हणते. पूल म्हटलं की मला त्याच्यावरून एसटी जाताना दिसते, काय करू!

हौद काही मोठा नाही. लांबीला माझी पंधरा पावलं, रुंदीला आठ, पाणी माझ्या छातीपर्यंत. पण जावयांनी त्याला चारी बाजूंनी आणि वरूनसुद्धा बारीक काळी जाळी बसवून घेतली. काळे खांब, काळी जाळी, जायला एक दार. डास आत नकोत, लिंबाचा पाला पाण्यात नको, मांजर नको. अख्ख्या हौदाला मच्छरदाणीत घालून ठेवलंय म्हणा की. शहरात आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. माझा सगळा जन्म घागरी भरण्यात गेला. एवढं पाणी नुसतं पडून राहिलेलं बघून आधी मी मनात घागरीच मोजायला लागले. तेच पाणी गाळून गाळून वापरतात हे लेकीनं दोनदा समजावलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

आता माझं तिथं काय काम? तर गुडघे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, पाण्यात अंगाचा भार वाटत नाही. लेकीनं माझी पिशवी भरली आणि मला तिच्याकडं राहायला घेऊन गेली.

पण खरं सांगू का, मला चालायचं नव्हतं. मला पोहायचं होतं.

माझं माहेर माढ्याकडचं. वयाच्या सातव्या वर्षी आत्यानं माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि विहिरीत ढकलून दिलं. खोल विहीर, पाणी काळंशार. दुपारी बाराला उन्हाची एक तिरीप सरळ पाण्यात उतरायची, घटकाभरच. आम्ही पोरी त्या तिरिपीत जाऊन पाठीवर पडायचो. एकदा पाठीवर पडलं की विहीर नाही, गाव नाही, वर नुसतं गोल आभाळ. लग्न होऊन सोलापुरात आले आणि ते संपलं. कुणी मनाई केली असं नव्हे. विहीरच नव्हती तर मनाई कशाची करतील? पंचावन्न वर्षं झाली त्याला. लेकीला ठाऊक होतं, आईला पोहता यायचं. पण ते कसं, आजोबांकडं घोडी होती म्हणून सांगतात तसं. बघितलं कुणी होतं?

तर पहिली अडचण वेळेची. मी एकटीनं पाण्यात उतरायचं नाही, हा लेकीचा कायदा. ती नोकरीवरून येते साडेसहाला, म्हणजे उतरायचं ते दिवेलागणीलाच. दुसरी अडचण लेकीच्या शेजारीणबाईंची गच्ची. बाई स्वभावानं चांगली, अक्कलकोटची, मला अक्का म्हणते. पण दिवस मावळला की ती गच्चीवर खुर्ची टाकून बसते आणि तिथून जाळीच्या खोलीत थेट दिसतं. आणि माझा पोशाख काय, तर लेकीनं आणलेला तो अंगाला चिकटणारा पोहायचा ड्रेस! बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, सगळं झाकलेलं, तरी मला आपलं उघडंच वाटत होतं.

त्यात उजेड. हौद बांधणाऱ्यानं दोन कोपऱ्यांत दोन मोठे फोकस लावले होते. पहिल्या दिवशी लेकीनं बटण दाबलं आणि मी डोळ्यांवर हातच घेतला. एसटी स्टँड बरं म्हणावं! जाळी सगळी पांढरी पडली, पलीकडचं काही दिसेना, पडदे लावल्यासारखं झालं. मी मनात म्हटलं, चला, आपल्याला बाहेरचं दिसत नाही म्हणजे बाहेरच्यांनाही आपण दिसत नाही. गाऊन काढला, कठडा धरून उतरले, दोन फेऱ्या चालले. फोकस सरळ डोळ्यांत, त्यामुळं पायरी कुठली आणि पाणी कुठलं तेही कळेना. वर येताना बोटाला ठेचसुद्धा लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कुंपणापाशी आली.

"अक्का, काल काय केलं वो तुमी? अय्यो, जाळीवर तुमची सावली पडलेली, एवढी मोठी! हत्ती आंघोळ करतोय जणू. आमच्या नातवंडांनी टाळ्या वाजवल्या की."

"तुमी बघत बसला व्हय?"

"मग काय डोळं मिटू? तंबूतला सिनेमा फुकट चाललाय म्हटल्यावर!"

ती हसत होती, मीही हसले. आणि घरात येऊन लेकीला सांगितलं, मी आता त्या पाण्यात पाऊल ठेवणार नाही. ती म्हणाली, हट्ट करू नको. मी म्हटलं, हट्ट नव्हे, लाज आहे. आठ दिवस मी त्या दाराकडं फिरकले नाही. रोज संध्याकाळी जाळीतून पाण्याचा वास मात्र यायचा, आणि मी भाजी निवडत बसायची.

शेवटी लेकीनं वायरमन बोलावला. पन्नाशीचा माणूस, बोलायला गोड, घरात तेलुगू बोलणारा. वडील मागावर बसायचे. त्याला लेक सांगायला लागली, दिवे असे हवेत, तसे हवेत. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "अम्मा, तुम्ही सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

मी म्हटलं, "मला पायरी दिसली पायजे, पाणी दिसलं पायजे. आणि मी कुणाला दिसायला नको."

"बस? सोपं आहे."

"सोपं कसं? उजेड म्हटला की दिसणारच की सगळं."

"नाही अम्मा. माझा बाप मागावर बसायचा, तर दिवा असा बांधायचा की उजेड सगळा धाग्यावर. डोळ्यात एक किरण नाही. दिवा डोळ्यात आला की धागा चुकला. इथं पण तेच करायचं."

तीन दिवस तो खपला. हौदाच्या काठाची फरशी पाण्यावर जरा पुढं आलेली आहे, तिच्या खालच्या बाजूला त्यानं पिवळ्या उजेडाची बारीक पट्टी चिकटवली. पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीत प्रत्येक पायरीला एक, पोह्यांच्या चमच्याएवढा दिवा, तोंड खाली. खांबांना घोट्याच्या उंचीवर टोपी घातलेले छोटे दिवे, त्यांचंही तोंड खाली. जाळीवर उजेडाचा शिंतोडासुद्धा पडू द्यायचा नाही म्हणाला. मला विजेची आणि पाण्याची धास्ती, तर म्हणाला, "बारा व्होल्टचं आहे अम्मा, मोठी वीज तिकडं पंपाच्या कोरड्या खोलीतच राहिली. मुंगीला पण झटका नाही."

तिसऱ्या दिवशी अंधारून आलं तेव्हा त्यानं मला काठावर खुर्ची दिली. "आता तुम्ही माझ्या साहेब. मी पट्टी हलवतो, बल्ब दिसला की ओरडा."

"दिसला!"

"आता?"

"दिसतोय की टिकलीएवढा."

"म्हणजे चुकलं," म्हणून परत गुडघ्यावर. मग मला उभं करून विचारलं, मग सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर बसवून विचारलं. पाण्यात उतरल्यावर डोळे जिथं येतील तिथून बघण्यासाठी स्वतः पालथा झोपला काठावर. एवढ्या बारकाईनं माझ्या डोळ्यांचा विचार माझ्या चष्मेवाल्यानंसुद्धा केला नव्हता.

मग पट्ट्या पक्क्या केल्या, सगळं बंद केलं, आणि म्हणाला, "अम्मा, तुमच्या हातानं लावा."

मी बटण दाबलं. सवयीनं हात जोडले. आमच्यात दिवा लागला की हात जोडायचे, मग समई असो की ट्यूबलाईट. हात जोडले आणि बघायला लागले, दिवा कुठाय? डावीकडं वळले, उजवीकडं वळले, जोडलेले हात तसेच. एक गोल फिरले. दिवा नाहीच! उजेड तेवढा आहे.

"काय शोधताय अम्मा?"

"दिवा शोधतेय. नमस्कार कुणाला करू?"

"घ्या! तुम्हीच म्हणालात, दिसायला नको. आता दिसत नाही म्हणून माझ्यावर रागावा!"

लेक पोट धरून हसली. मी मात्र हसण्याच्या पलीकडं गेले होते. पाणी आतून उजळल्यासारखं दिसत होतं, मधासारखं. पायरीन् पायरी अशी वेगळी दिसत होती की मोजून घ्यावी. आणि जाळी? जाळी गेली कुठं? समोर लिंबाचं झाड होतं, वर चांदण्या फुटायला लागल्या होत्या, मध्ये काहीच नव्हतं. मी चालत गेले आणि हात पुढं केला तेव्हा बोटांना जाळी लागली. परत दोन पावलं मागं आले, परत नाहीशी झाली. मी चार वेळा जाऊन बघितलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं करावं का? पण केलं. ज्या जाळीनं त्या फोकसात मला कोंडून घातलं होतं, तीच जाळी आता आभाळ अडवत नव्हती.

वायरमन शेजारच्या गच्चीवर जाऊन उभा राहिला होता, शेजारीणबाई शेजारी. मी इकडून ओरडले, "दिसतंय का काही?"

मग तिचा आवाज आला, "अक्का, आहात तरी कुटं?"

"हितंच की! पाण्यापाशी!"

"पाणी दिसतंय वो जरा जरा. तुमी न्हाय दिसत." आणि मग हळहळून, "संपला म्हणा आमचा सिनेमा."

वायरमन आपलं सामान उचलून गेला. दार लावलं. मी गाऊन काढून खुंटीला टांगला. लेक काठावर टॉवेल घेऊन बसली. एक पायरी, दुसरी, तिसरी. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मी कठडा धरून एक फेरी चालले, डॉक्टरांच्या नावानं. दुसऱ्या फेरीला मधोमध आले आणि कठडा सोडला.

"आई, कठडा धर."

मी मान मागं टाकली. पाय उचलतील की नाही माहीत नव्हतं. गुडघे माझे, त्यांच्यावर माझाच भरवसा नाही. पण पाय आले वर. आपोआप आले, कुणी खालून हात दिल्यासारखे. पोट वर आलं, हात पसरले, आणि मी पाठीवर होते. कान पाण्यात, नाक बाहेर. अंगाखाली सगळीकडून तो मऊ उजेड आणि वर आभाळ, आणि मी दोन्हींच्या मध्ये, बिनवजनाची.

लेक उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा खालून उजळला होता, तोंड उघडं. काहीतरी ओरडत होती. मग ओरडायची थांबली आणि नुसती बघत राहिली. पन्नाशीला आली माझी लेक, पण मी तिच्या नजरेत असं काही आधी बघितलं नव्हतं. तिच्या बघण्यात मीही जरा वेळ स्वतःला नवीनच वाटले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या तेव्हा पायऱ्यांशी आले. लेकीनं टॉवेलात गुंडाळलं, डोकं पुसता पुसता रागावली, "किती हाका मारल्या तुला! ऐकू येत नव्हतं का पाण्यात?"

मी म्हटलं, "येत होतं गं. पण पंचावन्न वर्षांनी पाठीवर पडले होते. लगेच ओ कशी देऊ?"