विहीरवालीचा शेवटचा तुकडा

नव्वदच्या दशकातला सगळ्यात भारी रॉक अल्बम कोणता, यावरून मी आणि माझा कडा गावचा मित्र जवळजवळ तीस वर्षं भांडलो. दोघांची लग्नं झाली, मुलं मोठी झाली, डोक्यावरचे केस गेले, पण वाद तसूभर हलला नाही. आमच्या वादातल्या दोन अल्बमची खरी नावं मी इथं देणार नाही. दिली तर वाचणारा स्वतःचा लाडका अल्बम घेऊन मध्ये उडी मारेल आणि मला जे सांगायचंय ते राहून जाईल. आमच्यात त्यांची नावं खुर्चीवाली आणि विहीरवाली अशी होती. एकीच्या कव्हरवर रिकामी खुर्ची होती. दुसरीच्या कव्हरवर काहीतरी गोल, काळं होतं. ते नेमकं काय हे आम्हाला कधीच कळलं नाही, म्हणून ती विहीर.

आम्ही बीडला कॉलेजात असताना होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. मी वडवणीकडचा, गणित घेऊन बसलेला. तो कड्याचा, खोलीतला बंद पंखा आणि शेजारच्यांचे रेडिओ उघडून बसलेला. त्याचा चुलतभाऊ लष्करात होता आणि तेव्हा नगरला होता. त्याच्याकडे या दोन कॅसेटी होत्या आणि एकीवरून दुसरीवर उतरवता येईल असा दोन खणांचा टेपही होता; दिवाळीला तो हे सगळं कड्याला घेऊन आला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मित्र घरी जास्तीचे आठ दिवस राहिला आणि दोन कोऱ्या कॅसेटींवर दोन्ही अल्बम उतरवून घेऊन आला. पुढे चुलतभावाची बदली झाली आणि मूळ कॅसेटी त्याच्याबरोबर कुठल्या कुठे गेल्या. मित्राने खुर्चीवाली स्वतःकडे ठेवली आणि विहीरवाली मला दिली. त्याच आठवड्यात वाद सुरू झाला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

वादाला शिस्त मात्र होती. कॅसेटची एक बाजू चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. बाजू पालटताना आधी ज्याची कॅसेट त्याने बोलायचं, मग दुसऱ्याने. गाण्यातल्या शब्दांवर भांडायचं नाही, कारण शब्द दोघांनाही कळत नव्हते. त्यामुळे आमचं सगळं भांडण ढोलावर, गिटारवर आणि गाणाऱ्याच्या छातीत किती दम आहे यावर चालायचं. शेजारच्या खोलीतली मुलं म्हणायची, हे दोघं इंग्रजी गाण्यांसाठी मराठीत एकमेकांच्या सात पिढ्या काढतात. ते खोटं नव्हतं.

माझा हुकमाचा एक्का होता विहीरवालीचा शेवटचा तुकडा. सगळी गाणी संपतात, थोडी खरखर ऐकू येते आणि मग कुणीतरी एकटाच तीन-चार मिनिटं वाजवतो. ढोल नाही, गाणं नाही. ते वाद्य गिटारसारखं वाटतं आणि नाहीही. मध्येच लांबून एक भोंगा वाजतो, वाजवणारा थांबत नाही, आणि पुढे टेप कट्कन संपते. होस्टेलात असताना घरची आठवण आली की मी तो तुकडा लावायचो. माझे वडील, बापू, गेले तेव्हा पंधरा दिवस मी दुसरं काही ऐकलं नाही. मोठ्या घोळक्यात दंगा करून झाल्यावर एक माणूस मागे राहतो आणि फक्त आपल्याशी बोलतो, तसं मला वाटायचं.

यावर मी एक सिद्धांतही रचला होता. ते वाद्य म्हणजे आपला बँजो, टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचा, वरातीत आणि जयंतीच्या गाण्यात वाजतो तो. या परदेशी लोकांनी तो कुठंतरी ऐकला असणार आणि अल्बमच्या शेवटी मानाने वाजवला असणार. भोंगा जहाजाचा, म्हणजे बंदराच्या गावी बसून वाजवला असणार. खुर्चीवालीत आहे का असं काही? मित्राचे वडील जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत बँजो वाजवायचे, त्यामुळे मी त्याला आणखी टोचायचो. तुझ्या बापाचं वाद्य साता समुद्रापार गेलंय आणि तुलाच त्याची कदर नाही, म्हणायचो.

मित्र बाकी सगळ्या मुद्द्यांवर तावातावाने भांडायचा, पण त्या तुकड्यावर त्याचं तीस वर्षांत एकच उत्तर होतं.

"तिसऱ्या ओळीला बोट चुकलंय बे त्याचं."

माझं डोकं फिरायचं. जगातले एवढे मोठे वाजवणारे, आणि हा कड्याचा प्राणी त्यांच्या बोटांच्या चुका काढतो. ती चूक नाही, मुद्दाम केलंय, असं मी सांगायचो. तीच तर गंमत आहे, तुला काय कळणार. तो मान खाली घालून गालात हसायचा. मला वाटायचं, याच्याकडचे मुद्दे संपले.

पुढे मी वडवणीला शाळेत लागलो. त्याने कड्याला मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. मी दर उन्हाळी सुट्टीत दोन दिवस त्याच्याकडे जायचो आणि भांडून यायचो. फोनवर सगळी गाणी मिळायला लागली तेव्हा मी विहीरवाली शोधून काढली. त्यात शेवटचा तुकडा नव्हता. आपलं काही चुकत असेल असा विचार एखाद्या भल्या माणसाच्या मनात आला असता. मी गणिताचा मास्तर. मी ठरवून टाकलं की कंपनीने नंतर तो कापला आणि आपल्याकडे जुनी, अस्सल प्रत आहे. शिक्षकांच्या खोलीतही मी हे छाती पुढे काढून सांगितलं आहे.

गेल्या वर्षी मित्राला कमी ऐकू यायला लागलं. त्याच्या वडिलांनाही पन्नाशीत असंच झालं होतं. आधी बारीक आवाज गेले, पाखरांचे, कुकरच्या शिट्टीचे. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मशीन लावून माणसांचं बोलणं बरंचसं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं ऐकू येईल याची खात्री नाही. त्याने मला फोन केला. वहिनी शेजारून माझं बोलणं त्याला मोठ्याने सांगत होत्या.

"अजून थोडं येतंय ऐकू, तवर ये," तो म्हणाला. "दोन्ही शेवटचं ऐकू आन् निकाल लावून टाकू."

मी त्याला म्हणालो की हरायची एवढी घाई कशाला करतो. फोन ठेवल्यावर मात्र मी विहीरवाली कॅसेट काढली आणि हातात घेऊन बसलो. निकाल लागला तर आम्ही पुढे काय बोलणार होतो? आणि नाही लागला, आणि त्याचे कान गेले, तर मी भांडणार कुणाशी? दुसऱ्या कुणाशी भांडावंसं मला कधी वाटलंच नव्हतं.

रविवारी सकाळी बीडला गाडी बदलून मी कड्याला पोचलो. पिशवीत विहीरवाली कॅसेट रुमालात गुंडाळून घेतली होती. जेवण झाल्यावर त्याने दुकानातला मोठा स्पीकर घरात आणला आणि त्याला खेटून बसला. दुरुस्त केलेला जुना टेपही मांडून ठेवला होता. आधी खुर्चीवाली फोनवरून ऐकली. फोनवर बाजू पालटायची नसते, तरी त्याने अर्ध्यावर बंद करायला लावलं आणि आम्ही चहा घेतला, नियम म्हणजे नियम. तो स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवून ऐकत होता. त्याच्या आवडीच्या गाण्यात ढोल सुरू झाले तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं की खुर्चीवाली जिंकावी. अर्थात मी तसं बोललो नाही.

मग विहीरवाली लावली. शेवटचं गाणं संपलं आणि फोन गप्प झाला. इथून पुढे कंपनीने कापलंय, असं म्हणत मी रुमालातली कॅसेट काढून टेपात घातली आणि शेवटचा तुकडा लावला. मित्राने डोळे मिटले.

त्याचा डावा हात मांडीवर होता. थोड्या वेळाने मला दिसलं की त्याची बोटं हलतायत. ताल धरल्यासारखी नाही. एकेक बोट वेगवेगळं, दाबल्यासारखं खाली जात होतं. आणि ती आवाजाच्या मागून जात नव्हती, किंचित आधी जात होती. तिसरी ओळ आली. ते चुकलेलं बोट टेपात वाजायच्या आधीच त्याने तोंड वाकडं केलं. मग लांबून तो जहाजाचा भोंगा वाजला, आणि डोळे न उघडता त्याने वहिनींना विचारलं,

"चारचा भोंगा झाला का गं?"

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं. टेपातला तो भोंगा जहाजाचा नव्हता, कड्याच्या साखर कारखान्याचा होता. मी इतकी वर्षं यायचो तो मे महिन्यात. तेव्हा हंगाम संपलेला असतो आणि भोंगा बंद असतो, त्यामुळे मला तो कधी ऐकू आलाच नव्हता. मी टेप बंद केला. आवाज थांबल्याचं त्याला जरा उशिराने समजलं. त्याने डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं आणि तोही ओळखून चुकला.

मग हळूहळू त्याने सांगितलं. विहीरवाली उतरवून झाली तेव्हा मागे थोडी टेप कोरी उरली होती. कोरी टेप द्यायची म्हणजे फुकट घालवल्यासारखं वाटलं. वडिलांचा बँजो खुंटीला होता. त्याने माइक लावला आणि वाजवलं. होस्टेलात आल्यावर सांगणारच होता, पण त्याआधीच मी कॅसेट ऐकून सगळ्या मजल्याला बोलावून आणलं होतं, की या परदेशी लोकांनी बघा काय वाजवलंय.

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मग सांगितलं कावून न्हाई बे? तीस वर्षं?"

"तू मला लई मोठ्या लोकांत नेऊन बसवलं व्हतं," तो म्हणाला. "आपणहून खाली कावून उतरू?" मग म्हणाला, "आन् आपल्याच बाजूनं भांडता येतं व्हय?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तीस वर्षं हा माणूस माझ्याकडून हरत होता, ते स्वतःच्याच वाजवण्यापुढे. त्याने एका शब्दात मला गप्प केलं असतं. मजल्यावरच्या पोरांपुढे, पुढे माझ्या शाळेपुढेही माझं हसं झालं असतं. त्याने फक्त तेवढं बोट चुकल्याचं सांगितलं, कारण तेवढं खरं होतं. बापू गेले तेव्हा मला ज्याने सावरलं तो कुणी साता समुद्रापारचा नव्हता, माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारा होता. त्याचे उपकार मानायला मला इतकी वर्षं लागली याची लाजही वाटली.

निकाल मी तिथल्या तिथे दिला. शेवटचा तुकडा विहीरवालीचा नाही, तेव्हा दशकातला सगळ्यात भारी अल्बम खुर्चीवाली. तो म्हणाला, असला निकाल त्याला नको, मी दया येऊन दिलेला. यावर आमचं पुन्हा जुंपलं. वहिनी माझी वाक्यं त्याच्या कानात ओरडून सांगत होत्या आणि मध्येच स्वतःचंही मत घालत होत्या.

शेवटी मी त्याला बँजो काढायला लावला. कपाटावरून काढला, धूळ पुसली, तारा लावल्या. सूर बरोबर लागलेत का हे तो मला विचारून लावत होता. मग त्याने तोच तुकडा सुरुवातीपासून धरला. दुकानात मोटारींच्या तारा गुंडाळून गुंडाळून बोटं जाड झालेली, पण त्यांना वाट पाठ होती. तिसरी ओळ आली, आणि बोट पुन्हा तिथंच चुकलं.

तो थांबला. वरचे बारीक सूर त्याला आता ऐकू येत नव्हते. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं,

"आलं का बरोबर?"

"आलं," मी म्हणालो, त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.