मुलगा बघायला आलेली गाडी

साठ सालाच्या अलीकडे-पलीकडची गोष्ट. आमच्याकडच्या मासेमारीच्या मचव्यांना नुकती कुठे इंजिनं बसू लागली होती. नागावात राहून ती दुरुस्त करायचो म्हणून मी स्वतःला मोठा फिटर समजायचो. मला बघायला मुलीचे वडील मुंबईहून आले ते थेट लांबलचक अमेरिकन गाडीतून. ते एका शेठचे ड्रायव्हर होते. शेठ परगावी गेलेले, आणि गाडी त्यांना न विचारताच आणलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागेवर नसती, तर त्यांची नोकरी गेलीच असती.

चहा झाला आणि ते हळूच म्हणाले, "पेणपासून दुसरा गिअरच पडत नाही. बघता का जरा?"

त्या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे, तेलाच्या दाबावर. असलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण होणाऱ्या सासऱ्यासमोर ते कोण कबूल करतो? मचव्यावर आम्ही तेल नेहमी इंजिन बंद करूनच बघायचो, तसंच इथे गिअरचं तेल बघितलं. मोजायच्या पट्टीवर तेल खुणेच्या चांगलं वर. "जास्त झालंय," मी ऐटीत सांगितलं आणि खालचा बोल्ट सैल करून तांब्याभर काढून टाकलं.

मग गाडी जागची हलेचना. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं. सासऱ्यांचा चेहरा उतरला आणि माझी पाचावर धारण बसली. नोकरी त्यांची जाणार होती, पण लग्न माझं मोडणार होतं.

आई मागे वाडीत रहाटाच्या पाण्याने शिंपण करत होती. आवाज ऐकून ती आली आणि मी काय केलं ते तिने विचारून घेतलं.

"आरं, रहाट थांबवून हिरीचं पानी मोजतोस व्हय? वरचं पानी खाली येनारच की! चालू ठेव नि मग बघ."

इंजिन चालू ठेवून पट्टी काढली. कोरडी ठणठणीत! बंद गाडीत वरचं तेल खाली उतरायचं, म्हणून मघाशी ते जास्त दिसलं होतं. काढलेलं तेल गाळून परत ओतलं, डिकीतला तेलाचा डबाही रिकामा केला, खाली वाकून बघितलं तर एक जोड गळत होता, तो आवळला. समुद्राकडच्या रस्त्याने फेरी मारली तर दुसरा गिअर पडला, तिसराही पडला. मला नाचावंसं वाटलं.

निघताना सासऱ्यांनी विचारलं, "दोष काय होता?"

थाप मारायची फार इच्छा झाली. "गळती गाडीची, बाकीचा दोष माझा," मी म्हणालो. "आईने वाचवलं."

ते गाडीत बसले आणि मुंबईच्या वाटेला लागले.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग निरोप आला: "नोकरी शाबूत आहे. मुलगी देतो. मुलगा अजून शिकायचा आहे, पण घरात शिकवणारी आहे."