पलीकडच्या दाराची कडी

आमच्या हॉस्टेलमध्ये दोन खोल्यांना मिळून एक बाथरूम आहे आणि त्याला दोन्हीकडून दारं आहेत. आत गेलं की पलीकडच्या दाराला कडी लावायची, निघताना काढायची.

आज सकाळी पलीकडच्या खोलीतली मृण्मयी दार वाजवत होती. "झालं का गं? अगं, झालं का?"

आत कोणीच नव्हतं. माझी रूममेट कडी तशीच ठेवून केव्हाच गेली होती. मी आमच्या बाजूने जाऊन ती काढली.

"म्हणजे मी रिकाम्या बाथरूमशी भांडत होते?" मृण्मयी बादली खाली ठेवून हसत सुटली.

मी मात्र कडीकडे बघत राहिले. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मी असंच एक कुलूप लिहिते आहे, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा कोड. एक प्रोसेसर आत असला की दुसरा दाराशी उभा राहून सारखं विचारतो, झालं का, झालं का. आतलं काम क्षणाचंच असतं, म्हणून तो दुसरीकडे जात नाही. पण आठवडाभर मशीन मध्येच गोठत होतं. उद्यापासून सगळी टीम हे कुलूप वापरणार, आणि कुणाला विचारायचा मला धीर होत नव्हता.

ऑफिसात गेल्यावर लगेच सापडलं. काही बिघडलं की कोड मधूनच बाहेर पडत होता, कडी न काढता. आता कोणत्याही वाटेने निघालं तरी कडी आपोआप निघते. दुपारभर मशीन सुरळीत चाललं.

माणसांच्या दारांना ही सोय नाही. संध्याकाळी बाथरूममधून निघताना मी पलीकडची कडी काढली आणि, एरवी कधी करत नाही, पण हाक मारली.

"मृण्मयी, झालं गं माझं."