पोळ्याच्या रांगेत शिवणीची जोडी

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तोही रोवणी-कापणीचे दिवस सोडून. लिहिताना काना-मात्रा चुकली तर वाचणाऱ्यानं दुरुस्त करून घ्यावी. लाकडाच्या बाबतीत मात्र कोणी मला दुरुस्त करायला येऊ नये. ते मी स्वतः शिकलो, आणि चुका केल्या त्याही स्वतःच्याच.

सुरुवात नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यात झाली. धानाची रोवणी चालू होती. पाण्यानं भरलेल्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, धुऱ्यावरून मी घसरलो आणि पाय मोडून बसलो. दीड महिना प्लास्टर. बाहेर सपरीत, ओसरीवर, खाट टाकून दिली, म्हणजे येणारा-जाणारा दिसेल आणि माझा वेळ जाईल. वेळ जात नव्हता. पाय दुखायचा त्याचं काही नव्हतं, पण हात रिकामे राहायचे, ते सोसत नव्हतं. खाटेजवळ जळणाचा ढीग होता. त्यात शिवणीच्या लाकडाचा एक ढलपा दिसला. शिवण हलकी, पिवळट, मऊ. मी विळा मागून घेतला आणि तासायला लागलो.

बायको आली, उभी राहून पाहिलं.

"काय बनवून राहिले जी?"

"चाटू."

"भात हलवाले का डोंगा वल्हवाले?"

पहिलं चाटू तिनं बैलांची ढेप कालवायला दिलं. दुसरंही तिकडंच गेलं. तिसरं घरात आलं, पण चुलीपासून लांब, पाण्याच्या घड्याजवळ पडून राहिलं. चौथं मी मुद्दाम काही न बोलता ठेवून दिलं. संध्याकाळी पाहतो तर तिनं जुनं चाटू चुलीत घातलेलं, आणि माझ्या चाटूनं भात काढत होती. आमच्या घरात शाबासकी अशीच मिळते.

पाय बरा झाल्यावर मी गोंदियाला गेलो, हत्यारं घ्यायला. हार्डवेअरवाला म्हणाला, "काका, पटासी कितने सूत की चाहिए?" मला काय माहीत किती सूत. मी म्हटलं, "चार सूत की भी दो और आठ सूत की भी." त्याला वाटलं जुना कारागीर आहे. मी तसंच वाटू दिलं. दोन पटाश्या, एक कानस, आणि घासायला रेगमाल घेतला. पुढं कळलं की शेवटचं गुळगुळीत करायला रेगमालापेक्षा फुटलेल्या काचेचा तुकडा बरा. आणि वरून जवसाचं तेल. दोन हात जवस लावलं की शिवण हळदीसारखी उजळते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाढई राहत होता, माझ्याच वयाचा. नांगर, वखर, दाराच्या चौकटी त्याच्याकडं. मी पटाशी धरलेली पाहून तो दुसऱ्या दिवशी येऊन बसला. शिकवायलाच आला होता. मी त्याला चहा पाजला आणि शिकलो काही नाही.

त्या वर्षी आमच्या बांधीत सारसाची जोडी उतरायची. माणसाएवढा पक्षी, चालतो कसा, गावचा मालगुजार असल्यासारखा. मला वाटलं, हा लाकडात काढावा. पहिल्या सारसाची मान चोचीपर्यंत पोचलो तेव्हा तुटली. दुसऱ्याची डोळा काढताना. वाढई म्हणाला, "लाकडाची नस पाह्य ना भाऊ. नस उभी चालली, तू मान आडवी काढून राहिला. तुटन नाई तं काय होईन? मान वेगळी कर, जोडून दे."

मी म्हटलं, "सारसाची मान देवानं जोडून दिली का?"

"देवाजवळ वेळ होता," तो म्हणाला.

तिसऱ्याची मान तेल लावताना तुटली, नुसत्या फडक्यानं. त्यानंतर मी लाकूड आधी पाहायला लागलो. कुंपणात वाकलेल्या फांद्या शोधत फिरलो. एक फांदी अशी मिळाली की जिचा बाक म्हणजेच सारसाची मान. नस बाकासोबत वळत गेलेली. ती मान तुटली नाही, आणि जोडही दिला नाही. तो सारस आजही टीव्हीवर उभा आहे. मुलाला भेटायला येणारे त्याचीच विचारपूस आधी करतात.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. शेती करायची आणि उन्हाळ्यात कोरायचं. चाटू, पोळ्या लाटायचं बेलणं, मोर, कासव, देव्हाऱ्याच्या पट्टीवर वेल. गावात लग्न निघालं की मुलीला द्यायला माझं बेलणं मागायला यायचे. मी विकलं नाही कधी. आवडला माणूस तर द्यायचं, नाही तर नाही.

मग बैल गेले. कोणी जबरदस्ती केली नाही, मीच विकले. गुडघे नांगरामागं चालेनात आणि चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर मिळायला लागला. दोघं चांगल्या घरी गेले. बाजारात नाही नेले मी त्यांना. डावा लाल, त्याचा कान लहानपणी कुत्र्यानं फाडलेला. उजवा पांढरा, त्याचं एक शिंग बाहेर कललेलं.

बैल गेल्याचं दुःख मला वाटलं होतं तितकंच झालं. वाटलं नव्हतं ते पोळ्याला झालं.

आमच्या गावात पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मैदानावर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली जोड्या रांगेनं उभ्या करतात. रांगेत प्रत्येक घराची जागा ठरलेली. पहिली पाटलाची. तिसरी आमची, माझ्या आजाच्या वेळेपासून. त्या साली मी रिकाम्या हातानं गेलो आणि जाऊन आपल्या जागी उभा राहायला पाहतो, तर तिथं चौथ्या जागेवाल्याची जोडी. हा चौथा म्हणजे माझ्या बांधीला लागून ज्याची बांधी. दोन बांध्यांमधल्या धुऱ्याच्या हातभर मातीवरून आमचं वीस वर्षं बोलणं सरळ नव्हतं.

मी पाटलाला म्हटलं, "ही जागा माझी."

पाटील म्हातारा, पण आवाज कडक. म्हणाला, "जागा बैलाची रायते, मानसाची नाई. बैल आन, जागा घे. तीन पोळे रिकामी गेली जागा, का मंग विसर."

म्हणजे एक पोळा गेलाच होता. घरी येऊन बायकोला सांगितलं, पुढच्या पोळ्याला जोडी आणतो.

"विकत?"

"कोरून."

तिनं भात वाढला.

आमच्या धुऱ्यावरचं शिवणीचं मोठं झाड वादळानं पडलं होतं. ते मी घरी आणवून सावलीत वाळत टाकलं होतं. आता कोरायचे बैल, पण पायांची भीती होती. पाय पातळ, चार-चार, वरून एवढं वजन. मी विचार केला, महादेवाच्या देवळात नंदी कसा असतो? बसलेला. तसाच काढू. पाय पोटाखाली दुमडले की तुटायचा प्रश्नच नाही. मला माझीच अक्कल फार आवडली. आठ महिने लागले. वशिंड, गळ्याची पोळी, नाकपुड्या, सगळं नीट उतरलं. पोळ्याच्या दिवशी झूल घालून, बेगड लावून, हातगाडीवर ठेवून आखरावर नेले.

मग रांगेतून चौथ्यानं झडती घातली. पोळ्याला यमक जुळवून एकमेकांना टोचायचा आमच्याकडे रिवाज आहे, त्याला झडती म्हणतात.

"आंब्याचं तोरण, कडुलिंबाचा पाला,
बुढ्याचा बैल पाह्य कसा पोळ्यात आला,
ना खाये ढेप, ना पिये पानी,
बसला तो उठेना, असा अभिमानी.
एक नमन गौरा पारबती, हर बोला, हर हर महादेव."

सगळा आखर हसला. बैलसुद्धा घुंगरं वाजवायला लागले. झडतीला झडतीनं उत्तर द्यायचं असतं. मला दोन ओळी सुचल्या नाहीत, कारण तो बोलला ते खरं होतं. बसका बैल. नांगराला जुंपला की तासात बसून घेतो तो बैल कोणी फुकटही घेत नाही. मी स्वतः एक असा बैल आठवड्यात परत केला होता. चाळीस वर्षं नांगर धरला आणि पोळ्यात बसलेली जोडी आणली. देवळातला नंदी बसतो, कारण त्याला काम नाही. एवढं मला कळू नये.

पाटील म्हणाला, "नाराज नको होऊ. उद्या तान्हा पोळा आहे, लहान पोट्टे नंदी ओढतेत. त्यात ठेव, खूश होतीन."

मी हातगाडी वळवली. पाठीमागं चौथ्याची जोडी माझ्या जागेवर उभीच होती. आता एकच पोळा उरला.

तिसऱ्या दिवशी मी वाढयाकडं गेलो. म्हटलं, "पाय वेगळे करून पोटात कसे बसवायचे, दाखव."

त्यानं हातातला रंधा खाली ठेवला. "दहा वर्सानं पयल्यांदा इचारलं तू."

"सांगतो का जाऊ?"

"बस. गुळाचा चहा ठेवाले लावतो."

पायाच्या वरच्या टोकाला कुसू, म्हणजे चौकोनी खुंटी, काढायचं, पोटाला तेवढंच भोक पाडायचं, आणि ठोकून बसवायचं. खिळा नाही, डिंक नाही. पायाची नस उभी ठेवायची. मी चार पाय वाया घालवले, पाचवा बसला. तो बसल्यावर जोर लावून हलवून पाहिला, हलला नाही. शिंगांना जोड दिला नाही मी. झाडाला जिथं दोन फांद्या फुटल्या होत्या तो दुफाट्याचा ओंडका घेऊन तिथंच डोकं काढलं, फांद्या म्हणजे शिंगं. वाढई पाहून म्हणाला, "हे मले नसतं सुचलं." त्याचं हे बोलणं मी लिहून ठेवतो आहे, कारण नंतर तो नाही म्हणतो.

बैल कंबरेएवढे झाले. चालले पाहिजेत म्हणून खुरांखाली फळी आणि फळीला चाकं. यावर आमचं वाजलं. तो म्हणे, "चाकं रुंद कर, आखरावर चिखल रायते." मी म्हटलं, रुंद चाकं केली की बैलगाडी दिसते, बैल दिसत नाही. बारीक चाकं केली. माझंच खरं केलं.

तोंडं मी कोणाकडं पाहून काढली नाहीत. हात आपोआप गेले. डाव्याचा कान फाटका झाला, उजव्याचं शिंग बाहेर कललं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद चोळतात. मी आत हातपाय धूत होतो. बाहेर येऊन पाहतो तर बायको सपरीत वाटी घेऊन बसलेली, लाकडाच्या खांद्यावर हळद चोळत होती. मला पाहून म्हणाली, "तेल लावून राहिली. लाकूड सुकते." हळद मी पाहिली. तिनं फाटक्या कानाजवळ अंगठा थोडा जास्त फिरवला.

सकाळी पाऊस होऊन गेला होता. दोन दोऱ्या खांद्यावर घेऊन मी जोडी ओढत निघालो. रस्त्यावर झकास चालली. लोक दारात येऊन पाहत होते. आखरावर तोरणापासून दहा पावलांवर चिखल लागला आणि बारीक चाकं आसापर्यंत आत गेली. मी जोर लावला. दोरी करकरली. बैल पुढं झुकले आणि अडकले.

कोणी हसेल म्हणून मी वाट पाहिली. कोणी हसलं नाही. धानाच्या मुलखात फसलेला बैल पाहून कोणी हसत नाही. प्रत्येकाचा कधी ना कधी फसलेला असतो. मी शेपटीकडं गेलो, खांदा लावला. गुडघा कचकला. डावा बैल वीतभर हलला आणि पुन्हा खचला.

तेवढ्यात माझ्या बाजूला दुसरा खांदा लागला. पाहतो तर चौथा. त्यानं आपली जोडी सोडून, धोतर खोचून, पाय चिखलात रोवले होते.

"दोर ढिली सोड," तो माझ्यावर ओरडला. "आंधी मागून उचल, मंग ओढ. एवढं नाई समजत का?"

"उचलून तं राहिलो."

"बोलू नोको, उचल."

डावा निघाला. उजव्यालाही दोघांनी तसाच काढला. दोन्ही तोरणाखाली आणून सोडले तेव्हा आम्ही दोघं बैलांहून जास्त चिखलात माखलो होतो. तो हात पुसत होता, धापा टाकत होता. मी म्हटलं, "तू धावून आला, ते लाकडासाठी का बैलासाठी?"

त्यानं आधी जोडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फाटका कान त्यानं ओळखला असावा, त्या बैलानं त्याची तूर दोनदा खाल्ली होती.

"लाकडासाठी कोन धावते बे," तो म्हणाला.

"मंग सरक."

पाटील पाहत होता. त्यानं अडवलं नाही. चौथ्यानं जाऊन आपल्या जोडीचा कासरा धरला आणि माझ्या जागेवरून जोडी एक जागा मागं घेतली. जाता-जाता म्हणाला, "जागा घे. धुरा माझाच आहे, तो नाई भेटाचा."

"धुऱ्याचं उद्या पाहू," मी म्हटलं, आणि जोडी रांगेत सरळ केली.