अप्पा केअर कमिटी

ऑफिसात सोमवारी सगळे वीकेंडला काय केलं ते सांगतात. मी आमच्या फॅमिली ग्रुपवर काय झालं ते सांगते. लोक हसतात, ‘काहीही हं!’ म्हणतात आणि मग हळूच खुर्ची पुढे ओढून आपापल्या घरचं सांगायला लागतात. असे किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. गुड मॉर्निंगच्या फुलांसारखे ते फोनमध्ये साठत जातात आणि एक दिवस फोनच सांगतो, जागा संपली. म्हणून थोडे इथं रिकामे करते.

अप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. वय चौऱ्याऐंशी. एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात आणि तिथंच राहणार म्हणतात. मामा लंडनला, मावशी नाशिकला, आई आणि मी हडपसरला. पावसाळ्यात अप्पा बाथरूममध्ये घसरले. नुसतं मनगट मुरगळलं, पण मामानं फर्मान काढलं. सहा महिने बघू, जमलं नाही तर त्यांना खडकवासल्याच्या एका सीनियर लिव्हिंगमध्ये हलवू. ‘धरणाचा व्ह्यू आहे!’

अप्पा म्हणाले, ‘धरणाचं पाणी मला नळाला येतं. तेवढी ओळख पुरे.’

मी सोशल वर्क शिकलेय. ‘ज्येष्ठांची स्वायत्तता’ या विषयावर माझा प्रोजेक्ट होता. म्हटलं, सहा महिने तर सहा महिने! अशी ऑनलाइन सिस्टीम उभी करते की अप्पांना घरातून हलवायची कुणाची हिंमत होणार नाही.

*

आधी ग्रुप. नाव ठरायला नऊ दिवस लागले. शेवटी मामाचं ‘अप्पा केअर कमिटी’ मंजूर झालं. ग्रुपवर सगळे होते, अप्पा सोडून.

मी भांडले. ‘ज्यांच्याबद्दल बोलतोय तेच नाहीत? ही कसली पद्धत?’

मावशी म्हणाली, ‘अगं, ते असले की मोकळेपणानं काळजी करता येत नाही.’

मी सरळ त्यांना ॲड केलं. अप्पांनी दोन दिवस सगळं वाचलं आणि पहिला मेसेज टाकला : ‘पेशंटची प्रकृती गंभीर दिसते. भेटायची वेळ काय?’

*

मग मामानं सगळ्यांसाठी कॅलेंडर केलं. गोळ्या, बीपी, पाणी, प्राणायाम, प्रत्येकाला वेगळा रंग. ‘मॉर्निंग वॉक, सात वाजता’ असंही घातलं. सात लंडनचे! त्यामुळे अप्पांच्या फोनवर मॉर्निंग वॉकचा गजर झाला साडेअकराला.

अप्पांनी टोपी घातली, काठी घेतली आणि गेले. पाऊण तासानं ग्रुपवर रिपोर्ट आला : ‘आदेशानुसार फिरून आलो. बागेला कुलूप होतं. ओळखीचं कुणी भेटलं नाही, सगळे जेवत होते.’

मामानं त्यावर हिरवी टिकमार्क टाकली. ‘ग्रेट! कन्सिस्टन्सी ठेवा!’

*

गोळ्यांचा नियम माझा होता. रोज सकाळी गोळी घेतली की डबीच्या रिकाम्या खणाचा फोटो टाकायचा. अप्पांनी तो इतका काटेकोर पाळला की मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले. बघा, म्हातारी माणसं शिकतात! त्यांच्यावर विश्वास टाकावा लागतो!

तीन आठवड्यांनी मावशीनं फोटो मोठा करून पाहिला. ‘डबीशेजारी अर्धं केळं आहे. कालही होतं. परवाही होतं. आणि ते काळं पडत नाहीये!’

रोज तोच फोटो! मी तडक फोन लावला. ‘अप्पा, हे चीटिंग आहे.’

‘गोळी रोज तीच,’ अप्पा म्हणाले, ‘मग फोटो वेगळा कशाला?’

गोळ्या मात्र ते नेमानं घेत होते. स्वयंपाकाच्या मंगलताई खडकवासल्याजवळच्या गावातून येतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मी आले की पहिली गोळीच घेत्यात. माझ्यासमोर. तुम्ही फोटू मागितला, गोळी घेतली का ते कुटं इचारलं?’

*

डॉक्टरांची व्हिडिओ व्हिजिट. स्क्रीनवर पाच चौकोन : डॉक्टर, मामा, मावशी, आम्ही मायलेकी आणि अप्पा. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय आजोबा, झोप कशी आहे?’

मामा म्हणाला, ‘डिस्टर्ब्ड.’ मावशी म्हणाली, ‘दुपारी फार झोपतात.’ आई म्हणाली, ‘भूक कमी झालीय.’ मी म्हटलं, ‘मुळात त्यांना निर्णयप्रक्रियेत सामील करून घेतलं पाहिजे.’

वीस मिनिटं झाली. एक गोळी बदलली, एक वाढली. डॉक्टर निघता निघता म्हणाले, ‘आजोबांचा आवाज बंद दिसतोय.’ तो सुरुवातीपासूनच बंद होता. मंगलताईंनी बटण दाबून दिलं.

डॉक्टरांनी विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला काही विचारायचंय?’

‘हो,’ अप्पा म्हणाले. ‘मला काय होतंय ते ह्यांतल्या कुणाला विचारू?’

*

आता माझी शान, म्हणजे भेटींची शीट. कुणी अप्पांना भेटून आलं की त्या दिवसाचा चौकोन हिरवा, नाहीतर लाल. सहा महिन्यांनी मामा हीच शीट बघणार होता. आईनं व्हिडिओ कॉल केला की हिरवा. मावशीनं नाशिकहून हिरवा केला आणि शेजारी लिहिलं, ‘मनानं तिथंच होते.’

पाचवा महिना पूर्ण हिरवागार! मी अभिमानानं स्क्रीनशॉट अप्पांना पाठवला.

उत्तर आलं : ‘बरं झालं दाखवलंस. मी उगाच रविवारी दाराकडे बघत बसलो.’

रविवार माझे होते. चारही. त्या चारही रविवारी मी हडपसरला बसून शीटचा फॉर्म्युला दुरुस्त करत होते. कामच ते, म्हणून हिरवा!

मी चारही चौकोन लाल केले. पाच मिनिटांत मामाचा मेसेज : ‘ट्रेंड बिघडतोय. असं असेल तर खडकवासला फायनल करावं लागेल.’

म्हणजे शीट खोटी ठेवली तर अप्पा घरात, खरी केली तर अप्पा घराबाहेर. हे आमच्या कोर्समध्ये नव्हतं.

*

सहा महिने संपले. रविवारी दुपारी चारला ऑनलाइन मीटिंग. मामानं स्लाइड्स केल्या होत्या, पहिलीवरच धरणाचा फोटो. सगळे हजर, अप्पांचा पत्ता नाही. फोन उचलेनात. शेजारच्या काकूंनी सांगितलं, दाराला कुलूप आहे. आई रडायला लागली.

‘बघा!’ मामा ओरडला. ‘हेच मी म्हणत होतो!’

तेवढ्यात मंगलताईंचा व्हॉइस मेसेज आला : ‘आजोबा माझ्यासंगं हायेत. धरणापाशी त्ये म्हाताऱ्यांचं हॉटेल हाय न्हवं, तितं. समदं बरं हाय.’

मामाचा चेहरा उजळला. ‘स्वतःहून गेले! पटलं त्यांना!’

मला मात्र वाटलं, माझ्या त्या लाल चौकोनांनीच त्यांना घालवलं होतं. स्कूटर काढली. मामा म्हणाला, कॉल चालू ठेव, त्यांना तिथं बघायचंय मला. तासाभरानं पोचले तर अप्पा रॅम्पचा कठडा हलवून बघत होते. मंगलताई त्यांची पिशवी धरून उभ्या होत्या.

‘अप्पा, चला घरी,’ मी म्हटलं.

‘थांब. फॉर्म दिलाय.’

काउंटरवरची मुलगी फॉर्म वाचत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या. मी फोन हातात धरून वाकून पाहिलं. नावाच्या रकान्यात मामाचं नाव. वय : साठ. तक्रारी : ‘दिवसभर स्क्रीनसमोर एकटाच असतो. सारखा घाबरतो. दुसऱ्याला सांभाळल्याशिवाय चैन पडत नाही.’

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘मला वाटलं, तुम्हाला स्वतःसाठी हवंय.’

‘मला घर आहे.’

फोनमध्ये मामा चष्मा लावून फॉर्म वाचायला लागला. त्या बिचारीला पुढं काय करावं कळेना, म्हणून तिनं फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचला.

‘यांना इथं भेटायला कोण येणार?’

‘मी,’ अप्पा म्हणाले. ‘दर रविवारी. बसनं.’