धारेची नाव आधी

वडनेरच्या पुढं वर्धा नदीच्या काठावर किसनरावांचं डोंगे, म्हणजे लाकडी नावा, बांधायचं आवार होतं. जागा अजून तिथंच आहे, फक्त तिच्यावर आता लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्र्याचं तिकीटघर आणि कणसं भाजणारा एक माणूस असतो. पूर्वी उन्हाळ्यात तिथं डोंगे पालथे पडलेले असत. किसनराव फटींत कापूस ठासत, वरून गरम डांबर फिरवत, आणि मध्येच नावाड्यांचं भांडण आलं तर डांबराचा कुंचा हातात धरूनच निकाल देत.

नियम एकच. धारेची नाव आधी. प्रवाहाबरोबर येणाऱ्याला चटकन थांबता येत नाही, म्हणून वर चढणाऱ्याने काठाला लागून वाट द्यायची. हा नियम त्यांनी एकदा सख्ख्या भावाविरुद्धही लावला. भाऊ वर्षभर बोलला नाही, पण किसनरावांचा शब्द मात्र दोन्ही काठांवर पक्का झाला.

मग पूल झाला आणि उतारू त्याच्यावरून जाऊ लागले. आणखी काही वर्षांनी खालच्या अंगाला बंधारा झाला, पाणी तळ्यासारखं भरून राहिलं. तेव्हा जाम चौकात हॉटेल चालवणाऱ्या मोतीलालने पंचायतीकडून आवार भाड्याने घेतलं आणि सहलीच्या लोकांसाठी मोटारबोट आणली. किसनरावांचा शेवटचा डोंगा त्याने रंगवून दारात ठेवला, फोटो काढायला बरा म्हणून. किसनरावांना डोंग्याशेजारी एक खुर्ची मिळाली. आपला मान झाला की थट्टा, हे त्या भल्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही.

भांडण लागलं ते याच पाण्यात. त्याच भावाचा मुलगा अंकुश इथं जाळी टाकायचा. एक दिवस मोटारबोट त्याच्या जाळ्यावरून गेली. जाळं फाटलं, पंख्यात गुंतून बोटही बंद पडली. दोघं तावातावाने किसनरावांपुढे उभे राहिले.

"काका, मी वरून येऊन राह्यलो होतो," अंकुश म्हणाला. "वाट यानं द्याची का मी?"

"वरून म्हंजे कुठून? पानी तं खडं हाय, वाहूनच नाई राह्यलं," मोतीलाल म्हणाला. "किसनराव, रविवारी सरपंच येऊन राह्यले. तुमी म्हनाल ते मले मंजूर. तुमी काईच नाई सांगितलं, तं या काठाले जाळी बंद. तसं ठरलंच हाय त्याईचं."

अंकुशचं घर त्या काठच्या मासळीवर चालायचं. हे किसनरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पाहून सांगतो," ते म्हणाले.

मग ते आठवडाभर पाहत बसले. खिशातून कापसाचा पुंजका काढायचा, पाण्यावर सोडायचा. सकाळी तो बंधाऱ्याकडे जाई. दुपारी वाऱ्याने उलटा पुलाकडे निघे. कधी गोल फिरून त्यांच्याच पायाला येऊन चिकटे. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईला विचारलं, "नदी कोनीकडं चालली वं?"

"तुमाले जेवाले वाढू का?" ती म्हणाली. तिला खरंच काळजी वाटली होती.

रविवारी काठावर सरपंच, पंच आणि फुकट तमाशा पाहायला अर्धा गाव जमला. किसनरावांनी तो रंगवलेला डोंगा पाण्यात लोटायला लावला. डोळ्यांना नाही कळलं तरी हातांना कळेल, अशी त्यांची आशा होती. पाण्याच्या मधोमध जाऊन त्यांनी वल्हं आत घेतलं आणि डोंगा कुठं सरकतो ते पाहू लागले. डोंगा हलेना. एका बाजूने आपल्या नावेतून अंकुश आला, दुसऱ्या बाजूने मोटारबोट. दोघंही थांबले.

"काका, तुमी निंगा आधी," अंकुश म्हणाला. "मंग सांगा."

"कोनीकडं निंगू?"

काठावर हशा पिकला. पण ते गंमत करत नव्हते. त्यांनी पुलाकडे पाहिलं, बंधाऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पुलाकडे पाहिलं. वाळलेल्या फटींतून पाणी आत येत होतं आणि त्यांची पावलं भिजली होती. त्यांनी वल्हं उचललं, आणि कुठल्याच बाजूला न मारता पुन्हा आत ठेवलं. शेवटी अंकुशनेच दोर बांधून डोंगा ओढत काठाला आणला. किसनराव आपल्याच डोंग्यात पहिल्यांदा उतारूसारखे बसले होते.

निकाल झालाच नाही, म्हणून जाळी बंद झाली. अंकुश आता बंधाऱ्याच्या पलीकडे उथळ पाण्यात जातो. तिथं मासळी कमी, पायपीट जास्त. एकदा परत येताना तो किसनरावांच्या खुर्चीपाशी थांबला.

"काका, माह्यं नाव घेतलं असतं तं कोनी काई म्हनलं असतं का?"

"नाई."

"मंग काऊन नाई घेतलं?"

त्या जुन्या निकालानंतर भावानेही हेच विचारलं होतं, तेव्हा किसनरावांनी नुसता धारेकडे हात केला होता. आताही सवयीने हात उठला, आणि तसाच राहिला. मग उठून काठाशी जाऊन त्यांनी खिशातून कापूस काढला, खाली वाकून पाण्यावर सोडला. काका-पुतणे दोघंही त्याच्याकडे पाहत उभे राहिले. कापूस जागचा हलला नाही.